खांब भरण्याआधीचा तास

गिरगावात मुगभाट लेनमधल्या ज्या चाळीत मी वाढले, तिचे खांब सागवानी होते. आमच्या दाराशेजारच्या खांबावर दर पाडव्याला माझी आणि भावाची उंची पेन्सिलीनं नोंदली जायची. चाळ पाडली तेव्हा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं तो खांब बाकीच्यांबरोबर टेम्पोत टाकला. आईनं घासाघीस करून त्यातला दोन फुटांचा तुकडा कापून घेतला; तो तिच्या देव्हाऱ्याखाली अजून आहे. त्याच सुमारास मी चार गल्ल्या पलीकडे आरसीसीचे खांब भरत होते.

१९९२ मध्ये सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन साइटवर आले, तेव्हापासून गिरगाव, दादर, परळ, लालबाग हाच माझा पट्टा. इथं मोकळी जमीन नसतेच. जुनं पाडायचं आणि त्याच जागी नवं उभं करायचं. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती शहरात मुळात १९,६४२ होत्या. त्यातल्या हजारो अजून उभ्या आहेत, काही टेकूंच्या आधारानं. तेव्हा कामाला तोटा नाही.

स्लॅब भरायच्या दिवशी साइटवर जत्रा असते. नारळ फुटतो, पेढे येतात, सोसायटीचे लोक फोटो काढतात. खांब भरताना मात्र मी, मुकादम आणि पाच-सहा बिगारी. पेढे कोणी आणत नाही. खाली लिहिलेलं बरंचसं पुस्तकांत सापडेल. मला ते उशिरा कळलं, आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी पैशानं.

१. चूक करायचीच असेल तर स्टार्टरमध्ये करावी.

स्टार्टर म्हणजे खांबाच्या बुडाशी आधी भरून घ्यायचा चार इंचांचा कट्टा. पुढचा सगळा खांब त्याच्या मापात उभा राहतो. माझ्या पहिल्या साइटवर पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर मी दोरी चुकीच्या कडेपासून धरली. स्टार्टर दीड इंच सरकला. सळया खालून सरळ वर आलेल्या, त्यांना माझ्या दोरीशी काय देणंघेणं. एका बाजूला सळई उघडी पडली आणि दुसऱ्या बाजूला तीन इंच जागा राहिली. साताऱ्याकडचे एक जुने गवंडी होते, अण्णा. ते लांबूनच म्हणाले, "ताई, खांबानं सदरा तिरपा घातलाय जणू."

चार इंचांचा कट्टा तोडायला एक दुपार गेली. तोच खांब पूर्ण भरल्यावर कळलं असतं तर आठवडा गेला असता, शिवाय माझी नोकरी. आता टोटल स्टेशन आलं, लेसर आले. मी अजून दोरी धरून कर्ण मोजते. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर सकाळचा चहा कडू लागतो.

२. गिरगावच्या खड्ड्यात काय निघेल ते नकाशा सांगत नाही.

एका वाडीत पाया खोदताना जुनी विहीर लागली. काठ दगडी, आत राडारोडा आणि खाली जिवंत झरा. ड्रॉइंगप्रमाणे त्यावर एक खांब येत होता. कन्सल्टंटनं पाया बदलून दिला, पण त्यात दीड महिना गेला. तेव्हापासून खोदाईच्या आधी वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठून विचारते, विहीर कुठं होती? बोअरिंगच्या अहवालाइतकंच त्या उत्तराला मी महत्त्व देते.

३. चाळीस फुटांच्या सळईला गल्लीत वळण नसतं.

सळई १२ मीटरची येते. लालबागच्या आतल्या गल्लीत किंवा ठाकुरद्वारच्या बोळात ती सरळ शिरणं अशक्य. म्हणून ती मधोमध दुमडून येते, केसांतल्या आकड्यासारखी. तरीही ट्रक नाक्यावर थांबतो आणि माणसं ती खांद्यावरून आणतात. पुढच्या माणसाचा खांदा वळला तरी मागच्याला वळायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात एकदा आमच्या सळईनं एका दुकानाची पाटी उतरवली होती.

एका कंत्राटदारानं यावर तोडगा काढला: "मॅडम, अर्ध्या कापूनच आणू. सहा मीटर, सोपं पडेल." सोपं पडेल, पण जोड वाढतील. २५ मिलिमीटरच्या सळईला लॅप (एका सळईवर दुसरी चढते ती लांबी) व्यासाच्या पन्नासपट धरला तर प्रत्येक जोडाला सव्वा मीटर सळई जास्तीची. शिवाय जितके जोड तितक्या कमकुवत जागा, आणि इतकी गर्दी की खडी खाली उतरत नाही. लॅप खांबाच्या मधल्या भागात घ्यायचा, स्लॅबलगत घ्यायचा नाही, आणि सगळ्या सळया एकाच उंचीवर जोडायच्या नाहीत. मोठ्या व्यासाला हल्ली कपलर, म्हणजे आट्यांची जोडनळी, लावतात, ते चांगलं. पण कपलरचे आटे पुरते फिरलेत की नाही हे हातानं बघावं लागतं. फिटर दोन आटे फिरवून पुढं सरकतो.

सळईचं वजन काढायचं साइटवरचं गणित सगळ्यांना पाठ असतं. व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर मीटरला किलोत. २० मिलिमीटरला २.४७ किलो. ट्रक काट्यावर नेला आणि हे गणित जुळलं नाही, तर सळई कुठून आली ते विचारायचं.

४. रिंगांवर मी सगळ्यात जास्त भांडले आहे.

उभ्या सळया सगळ्यांना दिसतात. जाड असतात, महाग असतात, मालकही मोजतो. रिंगा म्हणजे त्यांना आडवं बांधणारी आठ-दहा मिलिमीटरची चौकट. तिचं काम कोणाला दिसत नाही, म्हणून चोरी तिथंच होते. वजन आलं की उभी सळई बाहेरच्या बाजूला वाकू बघते, रिंग तिला धरून ठेवते. आतलं काँक्रीट फुगू बघतं, त्यालाही रिंगच आवळते. बरणीतलं लोणचं बरणीमुळं उभं असतं, तसं काहीसं.

आता मुद्दा आकड्याचा, म्हणजे रिंगेच्या टोकाच्या हुकाचा. भूकंपासाठीचं मानक आयएस १३९२० सांगतं की तो १३५ अंशांत वळलेला हवा आणि त्याचं शेपूट खांबाच्या पोटात शिरलेलं हवं, व्यासाच्या सहापट आणि ६५ मिलिमीटरहून कमी नाही. फिटरला ९० अंश सोपा. चावी एकदा फिरवली की झालं. ९० अंशांचा आकडा कव्हरच्या, म्हणजे सळईबाहेरच्या, काँक्रीटमध्ये राहतो. भूकंपात पहिलं उडतं ते कव्हर, त्याबरोबर आकडा उलगडतो, आणि मग उभ्या सळईला धरणारं कोणी उरत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत खाली पार्किंगचे खांब असलेल्या इमारती बसल्या. मोडलेल्या खांबांचे फोटो आम्ही त्या वर्षी चहाच्या टपरीवर एकमेकांना दाखवायचो. रिंगा लांब लांब, आकडे उलगडलेले. २००१ च्या आधी मीही ९० अंशांवर सह्या केल्या आहेत. ते खांब कुठं आहेत ते मला माहीत आहे, त्या रस्त्यानं जाताना वर बघते.

खांबाच्या दोन्ही टोकांना, तुळईच्या तोंडापासून किमान ४५० मिलिमीटरपर्यंत, रिंगा जास्तीत जास्त १०० मिलिमीटरवर हव्यात. हे आता बहुतेक फिटर करतात. जे अजून सुटतं ते तुळई आणि खांब जिथं एकमेकांत शिरतात तिथलं. त्या सांध्यात चारी बाजूंनी तुळईच्या सळया आलेल्या असतात, हात जात नाही. रिंगा आधी सरकवून ठेवाव्या लागतात, नंतर बसत नाहीत. म्हणून फिटर त्या चारच्या चार रिंगा खालच्या खांबावर गोळा करून ठेवतो आणि म्हणतो, "बाद में खींच लेगा." ते नंतर कधीच येत नाही. स्लॅब तपासायला मी गेले की पहिली त्या सांध्यात वाकते. चाचा नावानं सगळे ज्याला ओळखायचे तो फिटर मला लांबून बघून आपल्या पोरांना ओरडायचा, "कोना देखो, कोना!"

५. कव्हर म्हणजे समुद्र आणि सळई यांच्यामधलं अंतर.

खांबाला साधारण ४० मिलिमीटर कव्हर. किनाऱ्याच्या हवेत काँक्रीटचं मानक आयएस ४५६ ते ४५ करायला सांगतं आणि काँक्रीटही एम ३० ताकदीच्या खाली नको म्हणतं. आपल्याकडे गिरगाव चौपाटीचा वारा थेट घरात येतो. शिवाजी पार्कच्या पश्चिमेला खिडकीच्या बिजागऱ्या किती वर्षं टिकतात ते तिथल्या लोकांना विचारा. खारं दमट वारं काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत जातं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो आणि आतून ढकलून कव्हर फोडतो. घरात पहिल्यांदा दिसते ती उभी भेग, अगदी सळईच्या रेषेत. लोक तिच्यावर पुट्टी मारतात.

दादरच्या एका इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटला गेले होते. महापालिकेच्या नियमानं तीस वर्षांवरच्या इमारतींना ते करावं लागतं. तळमजल्याच्या खांबाचं सुटलेलं कव्हर काढलं, तर सळईमागं फरशीचा तुकडा निघाला. छान गुळगुळीत, पांढरा. बांधणाऱ्यानं कव्हर ब्लॉकच्या जागी तो खुपसला होता. फरशीला काँक्रीट धरत नाही, त्या फटीतून पाणी थेट सळईपर्यंत गेलं होतं. बाकीच्या खांबांत खडीचे दगड निघाले. कव्हर ब्लॉक तारेनं बांधायचा असतो आणि तो खांबाच्याच ताकदीच्या काँक्रीटचा हवा. नगाला दोन-चार रुपये पडतात.

याच्या उलट गोष्टही सांगते. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं आरसीसीमध्ये बांधल्या. त्या पाडताना बघायला मुद्दाम गेले होते. ठिकठिकाणी सळया उघड्या पडलेल्या, पण कोरड्या भागातलं काँक्रीट मशीनलाही दमवत होतं. म्हणून कोणी जुनं ते सोनं म्हणू नये. न्हाणीघरांच्या बाजूला त्याचाच भुगा झाला होता.

६. फळ्या बंद झाल्या की खांब कोणालाच दिसत नाही.

म्हणून भरण्याआधीचा तास माझा. त्या तासात मी फोन घेत नाही. शिडीवर चढून टॉर्च दोरीला बांधून आत सोडते. आजवर खांबांच्या तळाशी काय काय मिळालं: बाइंडिंग वायरची भेंडोळी, लाकडाचा भुसा, गुटख्याच्या पुड्या, वडापावचा कागद, एकदा एक चप्पल. फळीला बुडाशी एक खिडकी ठेवायची, वरून पाणी मारायचं, घाण तिथून निघाली की ती बंद करायची. स्टार्टरच्या माथ्यावर टाचे मारलेले हवेत, नाहीतर जुन्यानव्याचा सांधा धरत नाही. ओळंबा दोन शेजारच्या बाजूंना लावायचा, आणि भरून झाल्यावर पुन्हा. भरताना टेकू सरकतात.

१९९८ मध्ये परळला एका संध्याकाळी मी शिडीवर न चढता पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट भरायच्या परवानगीच्या कागदावर, सही केली. अंधार पडत होता, पाऊस येईलसं वाटत होतं, मुकादम म्हणाला मी बघितलंय. दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या तर खांबाच्या बुडाला सिमेंटच्या गोणीचा अख्खा कागद, चपातीसारखा पसरलेला. निम्म्या खांबाचा स्टार्टरशी संबंधच नव्हता. तो खांब तोडला. मुकादमाला दोष देता आला असता, पण सही माझी होती. तोडताना चार दिवस मी तिथंच उभी राहिले, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

७. ट्रान्झिट मिक्सरला आगमन सोहळा कळत नाही.

दक्षिण मुंबईत अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाला बंदी. म्हणजे ट्रक ज्या वेळी येऊ शकतो त्या वेळी व्हायब्रेटर चालवता येत नाही, आणि व्हायब्रेटर ज्या वेळी चालतो त्या वेळी ट्रक नाक्यावर अडकतो. या दोहोंच्या मधे जी फट उरते तिच्यात खांब भरायचे. त्यात पावसाळा आला की हिंदमाता चौक तुंबतो.

आणि त्यात गणपती. लालबागला एका साइटवर रविवारी सकाळी अकरा खांब होते. ३०० बाय ७५० चा, तुळईच्या तळापर्यंत २.४ मीटरचा एक खांब म्हणजे ०.५४ घनमीटर, अकरा खांबांना सहा घनमीटरची एक गाडी बरोबर पुरते. गाडी प्लांटवरून वेळेत निघाली. पण परळच्या कार्यशाळेतून एका मोठ्या मंडळाची मूर्ती त्याच वेळी बाहेर पडली होती आणि डॉ. आंबेडकर रोडवर ढोलताशे, पोरं, मोबाइल, सगळं अडलेलं. गाडी साइटच्या दारात आली तेव्हा चलनावरच्या वेळेपासून दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. साधारण दोन तासांत काँक्रीट उतरवायचं असतं. उशीर सोसणारं रसायन त्या मिक्समध्ये घातलेलं नव्हतं. ड्रम फिरत होता, पण आवाज जड झालेला. ड्रायव्हर पाण्याची नळी हातात घेऊनच उतरला. "थोडा मार देता हूँ, मॅडम, मक्खन हो जायेगा."

लोणी होईल, हे खरं. बादलीभर पाण्यानं काँक्रीट वाहतं होतं आणि ताकद जाते. मी गाडी परत पाठवली. कंत्राटदार त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही, पुढचे दोन आठवडेही नाही. संध्याकाळी मीही मूर्ती बघायला गेले. चांगली होती.

आता जुलैपासूनच मंडळांच्या आगमनाच्या तारखा विचारून ठेवते आणि त्या साइटच्या वेळापत्रकात लाल पेनानं लिहिते.

८. व्हायब्रेटर चालवणारा माणूस बदलू नका.

निडल सरळ खाली जाऊ द्यायची, हळू वर ओढायची, सळईला टेकवायची नाही. फूट-दीड फुटाचा थर. काँक्रीट दीड मीटरहून उंचावरून ओतायचं नाही, नाहीतर खडी खाली आणि पाणी वर. बाहेरून एकानं लाकडी हातोड्यानं फळीवर ठोकत राहायचं. भरलेल्या जागेचा आवाज बद्द येतो, पोकळ जागेचा वेगळा. हे कान तयार व्हायला वर्ष लागतं. म्हणून जो तयार झाला त्याला सुट्टी देताना जपून द्यावी. आणि दुसरी निडल जवळ ठेवावी. पहिली नेमकी सातव्या खांबाला बंद पडते.

बंद पडली की हनीकोंब होतो, म्हणजे खडी उघडी आणि मधे पोकळ्या. हनीकोंब होणं हा गुन्हा नाही. एका साइटवर मात्र मी सकाळी आले तर खांब ओले आणि गुळगुळीत, सिमेंटची स्लरी लावून रंगवलेले. रात्रीत कोणीतरी मेकअप केला होता. मी छिन्नी घेऊन ठोकलं, तर दोन इंचांपर्यंत आत गेली. तेव्हापासून फळ्या माझ्या समोर उघडायच्या, फोटो काढायचे, मग काय ते करायचं, असा नियम आहे. उथळ असेल तर साफ करून नॉन-श्रिंक ग्राउट. सळईच्या मागं गेलं असेल तर कन्सल्टंटला फोन.

९. पाणी घालणाऱ्या पोरावर लक्ष ठेवायला एक आजी हव्यात.

फळ्या सोळा ते चोवीस तासांत निघतात. मग गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं. हल्लीच्या फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस तरी, मी चौदा धरते. प्रत्येक खांबावर भरल्याची तारीख रंगानं लिहायची. हे सगळं खरं, पण पाण्याचा टँकर उशिरा येतो, पोरगं मोबाइल बघत बसतं, आणि गोणपाट मे महिन्याच्या उन्हात तासाभरात वाळतं.

गिरगावात आमच्या साइटला लागून एक चाळ होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक आजी दिवसभर खुर्चीत असायच्या. त्यांना आमचे सगळे खांब दिसायचे. आठवड्याभरात त्यांना कुठल्या खांबाला किती पाणी लागतं ते पाठ झालं. सकाळी मी गेटातून आत आले की वरून हाक: "अगं ए, त्या कोपऱ्यातल्याला काल संध्याकाळी कोणी पाणी घातलं नाही हो!" पोरगं मला घाबरायचं नाही, आजींना घाबरायचं. त्या साइटचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे घन, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले आले. स्लॅबच्या पूजेला मी त्यांना मुद्दाम बोलावलं, तर प्रसादाच्या शिऱ्यात साखर कमी पडल्याचंही त्यांनी सांगितलं.

१०. ताबा दिल्यावरही खांब तुमचा नसतो.

घर मिळालं की पहिला सुतार येतो, मग एसीवाला, मग कोणीतरी म्हणतं हा कोपरा जरा तासला तर कपाट बसेल. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साई सिद्धी इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणाच्या कामाभोवती तपास फिरला. ती बातमी कापून मी साइट ऑफिसात लावली होती. तरीही त्याच वर्षी एका फ्लॅटमध्ये खांबातून दोन इंची पाइप काढलेला मला सापडला. मालक म्हणाले, छोटंसं तर भोक आहे. भोकाच्या वाटेत आलेली रिंग त्यांच्या प्लंबरनं ग्राइंडरनं कापली होती.

११. क्यूबचा निकाल येतो तेव्हा वर तीन मजले उभे असतात.

१५० मिलिमीटरचे घन भरतात, तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडतात. एम ४० चा क्यूब म्हणजे ९० टनांच्या आसपास भार सोसून फुटायला हवा. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. गडबड अशी की हल्ली मजला नऊ-दहा दिवसांत चढतो. अठ्ठाविसाव्या दिवसाचा कागद हातात येतो तेव्हा तो खांब तीन मजले पेलत असतो. म्हणून सातव्या दिवसाचा आकडा वाचायचा असतो, फाइलला लावायचा नसतो.

दादरला एका साइटवर एम ४० चा सातव्या दिवसाचा आकडा २४ आला. मुकादम म्हणाला येईल पुढं. मी वरचं काम थांबवलं. अठ्ठाविसाव्या दिवशी ३४. मग रिबाउंड हॅमर, मग खांबातून कोअर काढले. कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको, म्हणजे ३४ आणि ३०. आमचे आले ३५ आणि ३१. काठावर पास. तरी कन्सल्टंटनं दोन खांबांना जॅकेट घालायला लावलं, आणि मला ते पटलं. कारण शोधताना कळलं की त्या दिवशी मी वरच्या मजल्यावर असताना गेटवर एका ड्रायव्हरनं नळी लावली होती. वॉचमननं बघितलं होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

उलटाही प्रकार असतो. क्यूब भरणारा पोरगा साच्यात प्रेमानं कांडी मारतो, तेल लावतो, टाकीत बुडवून ठेवतो. क्यूब ५० देतो आणि शेजारच्या खांबाला चार दिवस पाणी नसतं. म्हणून मी क्यूबचा कागद आणि खांबावरची तारीख दोन्ही घेऊन त्या खांबापाशी जाते, गोणपाटाला हात लावते.

पुनर्विकासात गेलेल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. सोसायटीच्या सभेत तुम्ही कार्पेट एरिया विचारता, कॉर्पस विचारता, भाडं विचारता, ते विचाराच. त्याबरोबर महिन्यातून एकदा दोघांनी साइट ऑफिसात जाऊन क्यूबचं रजिस्टर बघायला मागा. खांबाचा नंबर, भरल्याची तारीख, सातव्या दिवसाचा आकडा, अठ्ठाविसाव्या दिवसाचा आकडा, असे चार रकाने असतात. वाचायला इंजिनीअर लागत नाही.